निरसं दूध आंबलं किंवा फ्रीझरमध्ये उरलं, तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अजून पुष्कळ घरांत गवळ्याचा रतीब असतो, नाहीतर दारात म्हैस असते. म्हणजे घरात येतं ते निरसं दूध. ते पिशवीतल्या दुधासारखं आधी तापवून आलेलं नसतं. असं दूध आंबलं तर काय करायचं, फ्रीझरमधून काढल्यावर त्यात कण का दिसतात, पावसात लाईट गेली तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे माहेरच्या आणि शेजारच्या बायका मला सारखं विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. चांगलं आंबलेलं निरसं दूध ओतून देऊ नका, पण आचेवरून गेल्याशिवाय ते कुणाच्या पोटातही जाऊ देऊ नका.

दूध वापरण्याजोगं आंबलंय की टाकण्याजोगं बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

निरशा दुधात आंबवणारे जिवाणू मुळातच असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि दूध दह्यासारखं घट्ट बसतं. हे नीट झालं असेल तर वास ताज्या दह्याचा येतो, थर एकसंध असतो, आणि बाजूला सुटलेलं पाणी स्वच्छ, किंचित पिवळसर-हिरवट दिसतं. असं दूध स्वयंपाकाला चालतं.

टाकायच्या दुधाच्या खुणा वेगळ्या आहेत. वास कुजका, मासळीसारखा किंवा गोठ्यासारखा येतो. चमच्याने उचललं की तार सुटते. वर गुलाबी, निळे, हिरवे ठिपके दिसतात. आणखी एक खूण बऱ्याच जणी दुर्लक्षतात: बसलेल्या दुधात बुडबुड्यांची भोकं दिसतात, थर स्पंजासारखा फुगून वर येतो. शेणाचा अंश, अस्वच्छ हात किंवा न धुतलेली कास यांतून आलेले वायू करणारे जिवाणू त्यात वाढलेले असतात. असं दूध कितीही उकळलं तरी मी घरात ठेवत नाही.

वेळही बघा. काही जिवाणू दुधात विष सोडतात, आणि त्यातलं काही विष उकळूनसुद्धा जात नाही. जिवाणू मरतात, विष राहतं. म्हणून अथणी-रायबागच्या एप्रिलच्या उन्हाळ्यात ओट्यावर सहा-सात तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध, वास चांगला असला तरी, मी वापरू नका असंच सांगते. फ्रीजमध्ये राहून हळूहळू आंबलेलं दूध त्यापेक्षा भरवशाचं.

पिशवीतलं दूध आंबलं तर तेही असंच वापरायचं का?

नाही. पाश्चरायझेशनमध्ये दूध 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद किंवा 63 अंशांना 30 मिनिटं तापवतात. त्यात रोगजंतूंबरोबर आंबवणारे जिवाणूही बहुतेक मरतात. मागे राहतात ते उष्णता सोसणारे, आणि पिशवी फोडल्यावर हवेतून, भांड्यातून येतात ते. त्यामुळे हे दूध जुनं झालं की छान आंबट न होता बहुधा कडू होतं, कुजतं. नंदिनी असो की गोकुळ, पिशवीचं दूध कडवट लागलं की विचार न करता टाकावं. तापवताना फुटलं, पण चव-वास स्वच्छ आहे आणि तारीख उलटलेली नाही, तर लगेच पनीर करायला हरकत नाही.

चव अजिबात आंबट नव्हती, तरी तापायला ठेवलं आणि दूध फुटलं. असं का होतं?

जिभेला आंबटपणा कळायच्या आधीच दूध उष्णता सोसेनासं होतं. ताज्या दुधात आम्लाचं प्रमाण साधारण 0.13 ते 0.17 टक्के असतं. ते 0.20 ते 0.25 टक्क्यांच्या घरात गेलं की गार असताना दूध धड दिसतं, पण उकळी येता येता फुटतं.

यावर सोपा उपाय म्हणजे शंका आली की सगळं पातेलं चुलीवर चढवायचं नाही. आधी एक डाव दूध लहान भांड्यात उकळून बघायचं. ते धड राहिलं तर बाकीचंही राहील. फुटलं तर उरलेलं दूध अजून तुमच्या हातात आहे, आणि त्याचं काय करायचं ते ठरवता येतं. दूध संकलन केंद्रावरही संशय आला की दुधाचा नमुना असाच उकळून बघतात.

सकाळचं आणि संध्याकाळचं दूध एकाच पातेल्यात ओतण्याची सवय असेल तर ती सोडा. रात्रीच्या गार दुधात सकाळचं कोमट दूध पडलं की सगळंच कोमट होतं, आणि रात्रीच्या दुधातले जिवाणू नव्या दुधातही वाढायला लागतात.

आंबूस दुधात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर ते वाचतं, हे खरं का?

फुटत नाही, हे खरं. वाचत मात्र नाही. सोडा आम्ल मारतो, जिवाणू तसेच राहतात, आणि आपल्याला सावध करणारी आंबट चव तेवढी नाहीशी होते. विकायच्या दुधात सोडा घालणं ही कायद्याने भेसळ आहे. घरच्या दुधातही ते करू नये.

दूध फुटलंच, तर पहिल्यांदा काय करायचं?

आच बंद करू नका. बहुतेकजणी घाबरून गॅस बंद करतात, आणि अर्धवट फुटलेलं, गढूळ दूध हातात राहतं. मंद आचेवर ठेवून एक चांगली उकळी येऊ द्या. पाणी स्वच्छ सुटलं नाही तर चमचाभर लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळून बाजूने घाला. पाणी निवळलं की गाळून घ्या.

मलमलच्या फडक्यात बांधून गार पाण्याखाली धुतलं की आंबटपणा बराच उतरतो. पुरचुंडी दाबून त्यावर वजन ठेवलं, तासाभरात पनीर तयार. एक लिटर म्हशीच्या दुधाचं 200 ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं, गाईच्या दुधाचं कमी. वजन न ठेवता नुसतं निथळलेलं मऊ राहतं. ते मिरची-कोथिंबीर घालून परतलं की भाकरीबरोबर फार छान लागतं. कांदा गुलाबी करायचा, हळद, ठेचा, मग हे घालून दोन वाफा. आमच्याकडे मुलं ही भाजी अंड्याच्या भुर्जीपेक्षा आवडीने खातात.

बेळगावचा कुंदा आंबलेल्या दुधाचा होतो का?

होतो, आणि या दुधाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. कुंदा रवाळ असतो तो दुधात आंबट पडल्यामुळेच. घरी करताना आटत्या दुधात दही घालतात ते याचसाठी. दह्याच्या जागी आंबलेलं दूध घालायचं, एवढाच बदल.

मात्र सगळं दूध आंबलेलं घेऊन आटवत बसू नका. पाणी उडून जातं, आम्ल मागे राहतं, आणि शेवटी कुंदा साखर घालूनही आंबट लागतो. माझं प्रमाण असं आहे: एक लिटर ताजं म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत निम्मं होईपर्यंत आटवायचं. सतत ढवळायचं, कडेची साय खरवडून आत घ्यायची. निम्मं झालं की वाटीभर आंबलेलं दूध हळूहळू ओतायचं. दाणे सुटायला लागतील. सुटले नाहीत तर अजून अर्धी वाटी घालायची. आता ढवळणं कमी करायचं, नाहीतर दाणे मोडून पिठूळ होतात. पाणी आटत आलं की 100 ते 125 ग्रॅम साखर घालायची.

रंगासाठी वेगळ्या लहान कढईत दोन चमचे साखर कोरडीच वितळवायची. ती मधाच्या रंगाची झाली की लगेच मुख्य कढईत ओतायची. काळपट होऊ दिली तर कडू लागते, आणि मग दुसरं काही केलं तरी तो कडूपणा लपत नाही. तड्तड् आवाज होतो आणि उडतं, तेव्हा लांब दांड्याचा कालथा घ्या आणि मुलांना चुलीजवळ येऊ देऊ नका. शेवटी वेलदोड्याची पूड. तूप कडेने सुटायला लागलं, गोळा कढई सोडायला लागला की उतरवा. सगळ्याला दीड तास धरून चला. घाईने मोठ्या आचेवर केलेला कुंदा बुडाला लागतो आणि आत ओला राहतो. फ्रीजमध्ये आठवडाभर नीट राहतो.

बाजारातला कुंदा बहुधा खव्यावर करतात, त्यामुळे त्याचा पोत अधिक घट्ट असतो. घरच्या कुंद्याकडून तोच पोत मागू नका. त्याची चव वेगळी असते आणि ती तशीच चांगली आहे.

फुटलेल्या दुधाचं पाणी फेकून द्यायचं का?

मुळीच नाही. त्यात विरघळणारी प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार असतात. त्या पाण्याने कणीक भिजवली तर चपात्या मऊ होतात. भात शिजवताना निम्मं साधं पाणी आणि निम्मं हे घेता येतं. आमटी-रस्सा पातळ करायला, ताकातल्या पालेभाजीला चालतं.

पण डाळ किंवा कडधान्य शिजायला लावताना हे पाणी घालू नका. आंबट पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही, कुकरच्या शिट्ट्या वाढवत बसावं लागतं. डाळ शिजून घोटल्यावर घाला. ज्वारीच्या भाकरीला तर उकळत्या पाण्याची उकडच हवी, तिथे हे पाणी घेऊन काही साधत नाही.

उरलंच तर दुप्पट-तिप्पट पाणी मिसळून कढीपत्त्याच्या बुडाशी ओता. गोठा असेल तर थोडं पेंडीत कालवून जनावराला द्या. एकदम बादलीभर नको.

फुटेपर्यंत आंबलेलं नाही, नुसतं आंबूस आहे. त्याचं काय?

अशा दुधाला जागा पुष्कळ. आंबोळ्यांचं पीठ सैल करायला, थालीपिठाची भाजणी भिजवायला, रव्याच्या आप्प्यांना, ढोकळ्याला. खानापूर भागात तांदळाचं पीठ घरात असतंच. त्यात हे दूध, मीठ, थोडी भिजवलेली उडदाची डाळ वाटून घालून रात्रभर ठेवलं तर सकाळच्या आंबोळ्या जाळीदार होतात. उन्हाळ्यात मात्र रात्रभर बाहेर ठेवू नका. दूध घातलेलं पीठ साध्या पिठापेक्षा लवकर उतरतं. दोन-तीन तास पुरेत, मग फ्रीजमध्ये.

केक करणाऱ्या मुलींसाठी एक हिशेब. एक कप आंबट दुधाला अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा पुरतो. दुधातल्या आम्लाबरोबर सोड्याचा संयोग होऊन वायू सुटतो आणि केक फुलतो, अंड्याची गरज लागत नाही. मिश्रण झाल्याबरोबर कुकर किंवा ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. थांबलं की वायू उडून जातो आणि केक बसतो.

कढी करायची तर बेसन आधी गार दुधात गुठळी न ठेवता कालवा, मग आचेवर ठेवा आणि उकळी येईपर्यंत हलवत राहा. बेसनामुळे ते फुटत नाही.

घट्ट आंबलेलं निरसं दूध घुसळून लोणी काढलं तर चालेल?

चालेल. खानापूर, हल्याळ, जोयड्याच्या रानाकडेला म्हशी राखणाऱ्या धनगर गवळ्यांच्या घरांत लोणी-तूप हाच दुधाचा टिकणारा माल होता, कारण दूध बाजारापर्यंत धड पोचणं अवघड. घुसळताना दूध फार गार किंवा फार कोमट नको. गार असेल तर लोणी कण-कण राहतं, कोमट असेल तर पातळ होऊन ताकात मिसळतं. उन्हाळ्यात रवी फिरवताना बर्फाचे दोन खडे टाका.

लोणी कढवून तूप केलं की प्रश्न नाही, कढवताना पाणी पूर्ण उडतं आणि तापमान शंभराच्या वर जातं. प्रश्न मागे राहिलेल्या ताकाचा आहे. हे ताक तापवलेल्या दुधाच्या दह्याचं नाही, निरशा दुधाचं आहे. आंबटपणामुळे काही जंतू मरतात, सगळे नाही. ते मीठ घालून तसंच पिऊ नका. कढी करा, ताकातली पालेभाजी करा, आंबील उकळताना घाला.

गूळ घातल्यावर खीर फुटली. दूध खराब होतं का?

बहुतेक वेळा दूध चांगलंच असतं. गुळात थोडं आम्ल आणि क्षार असतात, उकळत्या दुधात ते पडले की दूध फुटतं. चिकोडी-रायबागकडचा गडद गूळ असेल तर जास्तच. अशी खीर निर्धास्त खा, फक्त ती रवाळ लागेल. पुढच्या वेळी खीर उतरवून कोमट झाल्यावर गूळ घाला, किंवा गुळाचा वेगळा पाक करून गाळून मग मिसळा.

निरसं दूध फ्रीझरमध्ये तसंच ठेवावं की उकळून?

उकळून, गार करून, मग ठेवावं. यामागचं कारण नीट समजून घ्या. दुधातली चरबी बारीक गोळ्यांच्या रूपात असते आणि प्रत्येक गोळीभोवती पातळ आवरण असतं. गोठताना बर्फाचे स्फटिक ही आवरणं फोडतात. निरशा दुधात लायपेज नावाचं एक द्रव्य असतं. आवरण फुटलं की ते उघड्या चरबीवर काम करतं आणि दुधाला साबणासारखा, खवट कडवटपणा येतो. उकळल्याने लायपेज निकामी होतं. म्हणून उकळून गोठवलेलं दूध चवीला टिकतं आणि निरसं गोठवलेलं बिघडतं.

दुसरं कारण जंतूंचं. गोठवण्याने जंतू मरत नाहीत, झोपतात. दूध वितळलं की पुन्हा जागे होतात. ब्रुसेलोसिस आणि क्षय हे दोन्ही आजार निरशा दुधातून माणसाला होऊ शकतात, आणि त्यांचे जंतू फ्रीझरमध्ये टिकून राहतात. उकळीत ते मरतात.

उकळलेलं पातेलं लवकर गार करायला गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा, पाणी एक-दोनदा बदला, अधूनमधून ढवळा. मग लहान डब्यांत भरा. डबा काठोकाठ भरू नका, वर एक दशांश जागा सोडा. गोठताना दूध फुगतं आणि काचेची बाटली तर सरळ तडकते. डब्यावर तारीख लिहिलेली कागदी पट्टी चिकटवा. आठवतंय असं वाटतं, पण पंधरा दिवसांनी कुठला डबा कधीचा ते कुणालाच सांगता येत नाही.

गोठलेलं दूध पिवळं दिसतं, वितळल्यावर कण-कण होतं. खराब झालं का?

नाही. आधी पाण्याचा बर्फ होतो, प्रथिनं, चरबी आणि रंगद्रव्यं उरलेल्या भागात दाटतात, म्हणून मध्येच पिवळा पट्टा दिसतो. गाईच्या दुधात तो ठळक असतो. कण दिसतात ते आवरणातून सुटलेल्या चरबीचे आणि थोडे प्रथिनाचे.

वितळवताना डबा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पूर्ण वितळू द्या. अर्धवट वितळलेलं ओतून घेतलं तर दाट भाग आधी पातेल्यात येतो आणि मागे पाणी राहतं. मग नीट घुसळून उकळा. ओट्यावर ठेवून वितळवलं तर कडेचं दूध तासन् तास कोमट राहतं आणि आत बर्फ असतो. तेवढ्या वेळात कडेचं दूध आंबायला लागतं.

चहाला हे दूध फारसं बरं नाही, वर तुपाचे ठिपके तरंगतात. खवा, बासुंदी, खीर, शेवया, कढी, पनीर यांना उत्तम. दही लागतं, पण ताज्या दुधासारखं घट्ट दही होत नाही, पाणी जास्त सुटतं. ताकाला ते चांगलंच.

किती दिवस ठेवता येतं?

फ्रीज कुठला आहे यावर आहे. दोन दारांच्या फ्रीजचा वेगळा फ्रीझर उणे 18 अंशांपर्यंत जातो, तिथे उकळलेलं दूध दोन-तीन महिने राहतं. तरी मी महिन्यात संपवा म्हणेन, नंतर चव उतरते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार नसतो आणि दार उघडलं की त्याचंही तापमान चढतं. तिथे आठवडाभरापेक्षा जास्त नको. एकदा वितळलेलं दूध पुन्हा गोठवू नका.

पावसाळ्यात लाईट दोन-दोन दिवस जाते. फ्रीझरमधल्या दुधाचं काय करायचं?

जांबोटी, कणकुंबी, खानापूरच्या घाटाकडच्या गावांत जुलै-ऑगस्टमध्ये हे ठरलेलंच. लाईट गेली की पहिलं काम म्हणजे फ्रीझरचं दार उघडायचं नाही. भरलेला फ्रीझर बंद दाराने साधारण दोन दिवस गारवा धरतो, निम्मा भरलेला एक दिवस. म्हणून पाऊस लागायच्या आधी रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. पाणी फुगतं, तेव्हा त्याही काठोकाठ भरू नका.

लाईट आल्यावर डबा बघा. दुधात बर्फाचे खडे शिल्लक आहेत आणि डबा हाताला फ्रीजइतका गार लागतो, तर लगेच उकळा आणि त्याच दिवशी वापरा. पूर्ण वितळून कोमट झालंय आणि किती वेळ झाला ते माहीत नाही, तर टाका. वास चांगला आहे म्हणून ठेवू नका. दूध लाईट गेल्यावर वितळून परत आल्यावर गोठलेलं असण्याचीही शक्यता असते. ते कळावं म्हणून एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी असेल, तर मधल्या काळात सगळं वितळलं होतं.

चीक गोठवून ठेवता येतो का? खरवस नंतर करायचा आहे.

येतो, आणि घरात पाहुणे यायचे असतील तर ठेवावाच. पण आधी वासराचं पोट. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतल्या चिकातूनच वासराला रोगाशी लढायची ताकद मिळते, ती नंतरच्या दुधाने भरून निघत नाही. वासरू पोटभर प्यायल्यावर उरेल तो घरचा.

चीक उकळून ठेवता येत नाही, कारण उष्णता लागली की तो बसतो. म्हणून हा एकच पदार्थ निरसाच गोठवायचा. लहान, चपट्या डब्यांत ठेवा, म्हणजे लवकर गोठतो आणि लवकर वितळतो. वितळवायचं फ्रीजमध्येच, कोमट पाण्यात नव्हे. गरम पाण्याच्या भांड्यात डबा बुडवला तर कडेचा चीक तिथेच शिजून गोळे होतात.

पहिल्या दिवसाचा चीक फार दाट असतो. एक वाटी चिकाला एक ते दोन वाट्या दूध. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध कमी, नाहीतर खरवस बसणार नाही. दुधाचं नेमकं प्रमाण सांगून भागत नाही, प्रत्येक म्हशीचा चीक निराळा. लहान वाटीत थोडं मिश्रण आधी वाफवून बघा, घट्ट झालं तर दूध वाढवा, सैल राहिलं तर चीक वाढवा. गूळ किंवा साखर, वेलदोडा, जायफळ घालून मोदकपात्रात 20 ते 25 मिनिटं वाफवा. सुरी घालून स्वच्छ बाहेर आली पाहिजे. मध्यभाग ओला असताना उतरवू नका, कारण चीक तेव्हाच पहिल्यांदा तापतोय. कानडी शेजारणींकडे यालाच गिण्णू म्हणतात, त्या भरपूर गूळ घालतात. माझी पसंतीही गुळालाच.

लहान मुलांना, गरोदर बाईला आंबलेल्या दुधाचे पदार्थ द्यावेत का?

नीट शिजलेले पनीर, कुंदा, आंबोळ्या मोठ्या मुलांना चालतात. वर्षाच्या आतल्या बाळाला, गरोदर बाईला, आजारातून उठलेल्याला मात्र आंबलेल्या निरशा दुधाचं काही देऊ नका. त्यांच्यासाठी ताजं, उकळलेलं दूध ठेवा.

याला जोडून पंचामृताचा प्रश्न येतो. बऱ्याच घरांत पंचामृताला निरसं दूधच घेतात. तीर्थ म्हणून ते लहानथोर सगळ्यांच्या तळहातावर पडतं. मी उकळून गार केलेलं दूध घेते, देवाला त्यात काही उणं पडतं असं मला वाटत नाही. पूजेनंतर उरलेलं पंचामृत संध्याकाळपर्यंत ठेवू नका.

म्हशीच्या कासेतूनच गुठळ्या आल्या. ते दूध आंबलेलं समजून वापरावं का?

नाही. तो कासदाह, आपल्याकडे दगडी म्हणतात तो. कास गरम, कडक लागते, दुधात गुठळ्या, कधी रक्ताचा अंश येतो. ते दूध माणसाला नको, वासरालाही नको. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. औषधाचं इंजेक्शन दिलं असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध घरात किंवा रतिबात घालू नका. उकळल्याने ते औषध जात नाही. विरजण लावलं आणि दही लागेना, तर दुधात औषधाचा अंश असण्याची एक शक्यता धरा, कारण ते विरजणातले जिवाणूही मारतं.

तसंच म्हैस किंवा गाय गाभडली असेल तर तिचं दूध नीट उकळल्याशिवाय कशालाच घेऊ नका आणि तपासणी करून घ्या. ब्रुसेलोसिसचं ते एक लक्षण असतं.

आंबट दूध कुठल्या भांड्यात ठेवावं, आणि भांड्याचा वास कसा घालवावा?

स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी. आजीच्या काळची पितळी कासंडी वापरात असेल तर आत कल्हई आहे का ते बघा. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट दूध ठेवलं की आम्लाने तांबं दुधात उतरतं, आणि ते पोटाला बाधतं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळून लगेच काढून घेतलं तर ठीक, त्यात साठवू नका.

धुताना आधी गार पाणी. गरम पाणी आधी ओतलं तर दुधातलं प्रथिन भांड्याला शिजून चिकटतं आणि वास तिथेच राहतो. गार पाण्याने विसळून, मग गरम पाणी आणि साबण, कडेच्या सांध्यात ब्रश, शेवटी उन्हात पालथं. प्लॅस्टिकच्या किटलीवर आतून चरे पडले असतील तर ती बदला. चऱ्यांत बसलेले जिवाणू धुऊन निघत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीचं ताजं दूध तेवढ्यानेच लवकर आंबतं.